खालाच्या अंगणातली नदी

खाला अंगणात पाणी शिंपडायला उठली की आम्ही भाडेकरू बायका पाय वर घ्यायचो. पाय भिजतील म्हणून नव्हे. नदी यायची म्हणून.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली, ऊन भिंतीवर चढलं, की ती पितळेचा मोठा तांब्या भरून पाण्याच्या टाकीपासून निघायची. टाकीकडून इराणी बाईच्या खोलीपर्यंत, तिथून वळून चुलींपर्यंत, पुन्हा वळून परत टाकीच्या जवळ. मातीत ओला काळा पट्टा उठायचा, घोड्याच्या नालासारखा. त्याची दोन टोकं एकमेकांच्या अगदी जवळ यायची, मधे हातभर कोरडी वाट राहायची. नालाच्या आत जे अंगण उरायचं ते लूक, तिचं गाव. आणि तो पट्टा म्हणजे जुबा नदी.

"बघ," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "सोमाल्यांच्या मुलखात मोठ्या नद्या दोनच. त्यातली थोरली आमची. हबशांच्या डोंगरातून निघते आणि सरळ समुद्राकडे चाललेली असते. पण आमचं गाव दिसलं की तिचा पाय निघत नाही. गावाला अख्खा वळसा घालते. आई पोराला कडेवर घेते ना, तसं तिने गावाला घेतलंय. ही एवढी मान सोडली तर चहूकडे पाणी."

मान म्हणजे ती हातभर कोरडी वाट. आमच्या अंगणात पायखान्याकडे जायचं तर मानेवरूनच जावं लागायचं. पट्टा ओलांडायचा नाही. इराणी बाई एकदा घाईत ओलांडून गेली. खाला ओरडली, "गेली! मगरीने नेली!" आणि ती परत आली तेव्हा सूर्यास्ताला मगरिबची बांग होईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मेलेल्या माणसाशी काय बोलायचं?

तिचं खरं नाव मला माहीत होतं, पण मी कधी घेतलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. अरबी लोक मावशीला खाला म्हणतात, आम्ही कोकणातले मुसलमानही खालाच म्हणतो. त्यामुळे निदान हाक मारताना मला अडचण पडली नाही. बाकी सगळ्याची पडायची. मी चौथी शिकलेली, तीही आमच्या खाडीकाठच्या गावातल्या मराठी शाळेत. परक्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. कुवेतला आले तेव्हा अजून तिथल्या बाजारात आपला रुपया चालायचा, बरेच दुकानदार हिंदुस्तानी बोलायचे, तरीसुद्धा मी मीठ हवं असलं तर मिठाकडे बोट दाखवायची.

आमचे हे बंदरावरच्या गोदामात कामाला होते. त्यांनी शर्क नावाच्या जुन्या वस्तीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खालाच्या घरात एक खोली घेतली. जाड मातीच्या भिंती, मधे अंगण, कडेने पाच खोल्या. घर तिच्या नवऱ्याचं. तो नाखवा होता, कुवेतहून खजूर भरून गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला न्यायचा. खाला सतरा वर्षांची असताना बापाबरोबर उंटांच्या तांड्यातून कातडी आणि तूप घेऊन गावाहून समुद्रापर्यंत आली होती. तिथे ह्या नाखव्याने तिला बापाकडे मागितलं. त्याची पहिली बायको वारलेली, घरी एक लहान मुलगा. खाला गलबतात बसून कुवेतला आली ती पुन्हा गेली नाही. चाळीस वर्षं झाली होती. नाखवाही वारला होता. ती अरबी आणि हिंदुस्तानी एकत्र बोलायची, मधेच सोमाली. मी इथे तिचं बोलणं आपल्या भाषेत लिहिते आहे.

तिचा एक नातेवाईक त्या घरातच होता, असं ती म्हणायची. नातेवाईक म्हणजे छपराचे वासे. आमच्याकडे खाडीत कांदळ उगवतो ना, तसल्याच लाकडाचे वासे तिच्या नवऱ्याने त्या किनाऱ्यावरून आणून घातले होते. "ह्यांनी माझ्या नदीचं पाणी प्यायलंय," ती सांगायची. सकाळी उठून ती पहिला सलाम वर बघून करायची. घरात उशिरा कुणी आलं आणि छप्पर करकरलं तर म्हणायची, "बघ, त्यालाही आवडलं नाही."

आमच्या दोघींचं पहिलं भांडण मासळीवरून झालं. म्हणजे ती भांडली, मी ऐकलं.

मी कोकणातली. मासळीशिवाय भात माझ्या घशाखाली उतरत नाही. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन सरंगे आणले. मी कालवणाला आधण ठेवलं तोच खाला नाकाला ओढणी लावून आली.

"हे काय?"

मी सरंग्याकडे बोट दाखवलं.

"हे तू खाणार? तोंडाने?"

तिच्या मुलखात उंट-गुरं राखणारे लोक मासळी खाणाऱ्याला हलका समजतात. नदीकाठची गरीब माणसं खातात, पण चारचौघांत कबूल करत नाहीत. खालाच्या बापाकडे उंट होते, हे ती दिवसातून एकदा तरी सांगायची. तिने माझी चूल उचलायला लावली आणि अंगणाच्या पार टोकाला, मोरीजवळ नेऊन ठेवली. "गावात चामडं कमावणारे लोक पाणी जिकडे उतरतं तिकडच्या अंगाला राहतात," ती म्हणाली. "वास नदीबरोबर पुढे जातो. तू आजपासून त्यांच्या आळीत."

ह्यांना मी सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अगो, मुंबईवरून सात दिवस बोटीत ओकत इथे आलीस, ती चांभारवाड्यात राहायला?"

पण घावनांवरून आमचं जमलं. सोमाली लोक सकाळी आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी करतात, एकाच बाजूने भाजलेली. ती आपल्या घावनाची सख्खी बहीण. मी एका शुक्रवारी तांदळाचे घावन काढत होते, तर खाला येऊन उकिडवी बसली आणि तव्यात बघत राहिली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आईने," मी म्हटलं. मला वाटतं माझ्या तोंडून तिने ऐकलेला तो पहिला शब्द.

"तुझ्या आईला कुणी?"

"तिच्या आईने."

"म्हणजे आमच्यातली कुणीतरी तुमच्याकडे गेली असणार," तिने निकाल दिला. मग घावन उचलून उजेडासमोर धरला. "डोळे कमी आहेत. आंधळा आहे. पण गरीब आहे, खाऊन घेते." चार खाल्ले.

त्यानंतर रोज दुपारी ती माझ्या चुलीपाशी, म्हणजे चामडेवाल्यांच्या आळीत, येऊन बसू लागली. ती गाव सांगायची, मी भाजी निवडायची. तिळाच्या घाण्याला तिथे उंट जुंपतात आणि त्याच्या डोळ्यांवर टोपल्या बांधतात, म्हणजे तो दूरच्या प्रवासाला निघालोय असं समजून चालत राहतो. नदी उतरली की तिच्या ओल्या गाळात ज्वारी, मका, कांदे लावतात. उन्हाळ्यात दूरच्या रानातले लोक हजार हजार उंट पाण्यावर घेऊन येतात, तेव्हा गावातल्या बायका भांडी घासायची सोडून नुसत्या बघत बसतात. आणि होडीच्या उतारावर एक माणूस असतो, त्याच्या घराण्याला मगरींची भाषा येते. तो काठावर उभा राहून काहीतरी पुटपुटतो, मग माणसं उतरतात.

"आणि तरी मगरीने नेलं तर?" मी विचारलं.

"तर त्या माणसाने आदल्या दिवशी त्याला तंबाखू दिलेला नसतो."

मी एकदा धीर करून आमच्या खाडीचं सांगितलं. भरतीला पाणी उलटं आत येतं, ओहोटीला बाहेर जातं, दिवसातून दोनदा. खालाला ते मुळीच पटलं नाही. "जी नदी जाऊन परत येते तिला घर नाही," ती म्हणाली. "नवऱ्याशी पटत नसेल."

मग एके दिवशी पालिकेची माणसं आली.

तेव्हा जुनं शहर पाडून रुंद रस्ते करायचं काम चाललं होतं. शहराभोवतीचा मातीचा कोट आधीच पाडून झाला होता. सरकार जुनी घरं ताब्यात घेऊन मोबदला द्यायचं आणि लोक बाहेर नव्या वस्त्यांत राहायला जायचे. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण आपल्या अंगणात टेप घेऊन माणूस उभा राहीपर्यंत ते दुसऱ्यांचं असतं.

तो मापं घेणारा तरुण पॅलेस्टाइनकडचा होता, पायात चकचकीत बूट. वेळ नेमकी असरनंतरची. तो टेपचं टोक धरून सरळ अंगणात शिरला आणि खाला किंचाळली, "थांब! पाण्यात पाय टाकू नकोस, मगर आहे!"

तो बिचारा खरंच मागे उडी मारून भिंतीला टेकला. त्याने खाली बघितलं. पुसट ओला पट्टा. मग त्याने खालाकडे बघितलं. कमरेवर हात, चेहरा गंभीर.

"आई, मला मोजायचंय," तो म्हणाला.

"मोज ना. नदी मोज, गाव मोज. पण मानेवरून जा."

तो गेला. टेप हातात धरून, पट्ट्याच्या कडेकडेने, सगळा वळसा घालून मानेवरून आत शिरला. त्याचा मदतनीस त्याच्या मागून. आम्ही बायका दाराआड तोंडात पदर धरून हसत होतो. जाताना त्याने विचारलं, "ही कुठली नदी, आई?" खालाने त्याला गुळमट काळा चहा पाजून मगरिबपर्यंत बसवून घेतलं. बाहेर पडताना तो म्हणाला की त्याच्याही गावाजवळ एक ओढा होता. तेवढ्यावरून खाला त्याच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही.

पण घर जाणार हे ठरलं. चार महिन्यांत रिकामं करायचं.

खालाचा सावत्र मुलगा आला. चांगला माणूस, सरकारी कचेरीत, अंगात घोट्यापर्यंतचा पांढराशुभ्र दिशदाशा. जमिनीवर तिच्या पायाशी बसला. "आई, नव्या घरात तुझी वेगळी खोली काढतोय. पंखा लावतो. तू फक्त हो म्हण, म्हणजे गवंड्याला सांगतो."

"बघते," खाला म्हणाली.

"बघायचं काय त्यात?"

"ईदपर्यंत सांगते."

तो गेल्यावर ती आमच्यासमोर म्हणाली की तिला काय, चार ठिकाणी बोलावतात, कुठे जायचं ते ती ठरवील. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे पीठ द्यायला गेले. ती खाटेवर उताणी पडून छपराशी बोलत होती. मी दाराशीच थांबले. बोलणं हिंदुस्तानीत नव्हतं, अरबीत होतं, पण एव्हाना मला तेवढं कळायचं.

"सून ताट आणून देईल," ती वाशांना सांगत होती. "आदराने देईल. आणि दार ओढून घेईल. तुला चुलीत घालतील. मी गावी गेले तर कुणी ओळखेल का? चाळीस वर्षं मी एक निरोप पाठवला नाही. आता घर गेलं म्हणून आठवण आली म्हणतील. मी कुणाच्या दारात जाऊन मागणार नाही."

मी पीठ उंबऱ्यावर ठेवून परत आले.

चार दिवसांनी तिने मला बोलावलं. "कागद आण. माझ्या धाकट्या बहिणीला खत लिहायचंय. बाजारातला लिहिणारा तोंडाचा सैल आहे. त्याने लिहिलं की सगळ्या शर्कला कळेल. तू लिही, तू कुणाला सांगायची नाहीस. तू तर बोलतच नाहीस."

खाला रोज सकाळी मला कुराण वाचताना ऐकायची. मी लहानपणी गावच्या मदरशात शिकले होते, अडखळत नाही, सूर चांगला आहे. तिला वाटलं, जी एवढं अरबी घडाघडा वाचते तिला अरबीत खत लिहिणं काय कठीण? तिला काय माहीत की आमच्याकडे वाचायला शिकवतात, अर्थ शिकवत नाहीत आणि लिहायला तर मुळीच नाही. मला अलिफसुद्धा कागदावर काढता आला नसता. मी एकच लिहू शकत होते, मराठी.

एवढंच बोलायचं होतं, "खाला, मला येत नाही." चार शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. मी कागद आणला.

ती टेकून बसली आणि सांगू लागली. मी लिहू लागले.

थोड्या वेळाने ती वाकून बघू लागली. "तुझा हात उलटा चालतो."

"आमच्याकडे असंच लिहितात," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

तिने विचार केला. "असू दे. आमची नदीपण गावाच्या एका अंगाने इकडून वाहते, दुसऱ्या अंगाने तिकडून. पाणी पोचल्याशी कारण."

तिने काय सांगितलं? मी मजेत आहे. माझ्या घराला पाच खोल्या आहेत. सरकार माझं घर मागतं आहे, इतकं ते चांगलं आहे. मुलगा आदर करतो. माझ्याकडे एक हिंदी बाई आहे, ती मासळी खाते, पण स्वभावाने बरी आहे. नदी जागेवर आहे का? मशिदीजवळचा आंबा आहे का? घाण्याला कुठला उंट आहे? मला कशाची गरज नाही. सलाम.

संपलं. येऊ का, असा एक शब्द त्यात नव्हता.

ती ओढणी सारखी करून वझूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, उठली. कागदावर खाली चार बोटं जागा उरली होती. आणि मला एकदम जाणवलं की ह्या घरात आमच्या ह्यांच्याशिवाय हे अक्षर वाचणारं कुणी नाही. मी तिथे काहीही लिहू शकते. मी लिहिलं: "हे पत्र मी तिच्यासाठी लिहिते. तिने वर सांगितलं ते खरं आहे पण पुरं नाही. तिचे गुडघे दुखतात. घर पाडणार आहेत. तिला तुमच्याकडे यायचं आहे, पण ती विचारणार नाही. तुम्ही असाल तर तुम्हीच बोलवा. ईदच्या आत बोलवा."

आयुष्यात मी कुणाला सलग इतकं सांगितलं नव्हतं.

पाकिटावर पत्ता ह्यांनी इंग्रजीत घातला. आत बघून ते माझ्याकडे बघत राहिले. "अगो, हे मराठीत आहे."

"हो."

"सोमालियात?"

"मला नाही म्हणता आलं नाही."

ते हसायचे थांबेनात. मग म्हणाले, "जाऊ दे. आफ्रिकेत असं गाव नाही जिथे आपल्याकडचा एखादा दुकानदार जाऊन बसला नाही. असेल कुणी कच्छी-बिच्छी." आणि पत्र टाकून आले. मगरींच्या गावात कोण कच्छी असणार, असं मला वाटलं.

मग वाट बघणं. खाला रोज विचारायची, टपाल आलं का. रमजानचा चांद दिसला. सावत्र मुलगा दोनदा येऊन गेला. मला रात्रंदिवस एकच घोर, की तिची बहीण ते पत्र उलटंसुलटं करून चुलीत घालील, उत्तर येणार नाही, आणि ही म्हातारी समजेल की आपलं तिकडे कुणी उरलं नाही. तेवढ्यावरून ती त्या पंख्याच्या खोलीत जाऊन बसेल, जन्मभर. माझ्या तोंडातून चार शब्द निघाले नाहीत म्हणून.

दहाव्या रोजाला इफ्तारनंतर मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. की मला अरबी लिहिता येत नाही. की खत माझ्या भाषेत आहे. खालच्या ओळींचं मात्र सांगायचं धाडस झालं नाही.

खालाने खजुराची बी ताटात ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तू रोज सकाळी जे वाचतेस, ते तुला कळत नाही?"

"नाही."

"आणि मी जे लिहवून घेतलं, ते त्यांना कळणार नाही."

"नाही."

"अल्ला तुम्हा लोकांना खतं तरी कशी पोचवतो?" असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी असरनंतर तिने नदी काढली. पण नवीन काढली. नेहमी माझी खोली गावात असायची, त्या दिवशी तांब्या माझ्या दारासमोरून आतल्या बाजूने गेला. मी पलीकडच्या काठावर. गावाबाहेर. दुसऱ्या दिवशीही तसंच. इराणी बाई गावाकडच्या काठावर उभी राहून मला हळूच म्हणाली, "आता तुला मगर खाणार." मला हसू येईना.

तिसऱ्या दिवशी खाला काठावर आली आणि पाण्यापलीकडून मोठ्याने, जणू नदी खरंच रुंद आहे अशी, ओरडली, "ए पलीकडची! तुमच्याकडे तांदूळ वाटून झाले का? आमच्या गावात आज इफ्तारला घावन हवेत!"

"होडी पाठवा!" मी ओरडले. मी. एवढ्या मोठ्याने. सगळं अंगण हसलं.

बाजारातल्या लिहिणाऱ्याकडून दुसरं खत पाठवावं, असं ह्यांनी सुचवून बघितलं. खाला ऐकेना. "एक वेडं पत्र गेलं ते पुरे. दुसरं शहाणं गेलं तर त्यांना कळेल की पहिलं वेडं होतं."

विसाव्या रोजाच्या पुढे केव्हातरी पत्र आलं. पाकिटावर नवी तिकिटं. आतली अक्षरं बघून मला धक्का बसला. आमच्या अक्षरांसारखीच, पण वरच्या रेघेशिवाय. गुजराती! मला अर्धी लागत होती, अर्धी नाही. बाजारात एक गुजराती शिंपी होता, ह्यांच्या ओळखीचा. हे कामावर होते, खालाला थांबवेना. तिने अबाया चढवली आणि मला म्हणाली, "चल." मी तोवर ह्यांच्याशिवाय बाजारात गेले नव्हते. त्या दिवशी तिच्या मागे अक्षरशः पळत गेले.

शिंपीभाईने मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि हिंदुस्तानीत सांगू लागला.

लिहिणारा लूक गावातला कापडवाला, कच्छचा, बापाच्या वेळेपासून तिथे. त्याने आधी स्वतःचीच कैफियत लिहिली होती. तुमचं खत मराठीत आहे, मी मराठी लहानपणी मुंबईत चुलत्याच्या दुकानात ऐकलेली, जे शब्द कळले नाहीत ते अकलेने भरले. खत बघायला गाव लोटला, कारण असलं अक्षर कुणी बघितलं नव्हतं. तीन दिवस माझं दुकान बंदसारखंच होतं. तीनदा वाचावं लागलं, एकदा होडीवाल्यांसाठी वेगळं.

खाला मान ताठ करून बसली होती, जणू ही सगळी तिचीच योजना होती.

"आता बहीण सांगते," शिंपीभाई म्हणाला. "नदी जागेवर आहे, पण मान खात चाललीय, पूर्वीपेक्षा अरुंद झाली. आंबा पुरात गेला. घाण्याचा उंट मेला, आता त्याचा नातू आहे, तोही तसाच मूर्ख. गोरे गेले, नवा झेंडा लागला. मगरी जुन्याच आहेत."

खाला पहिल्यांदा हसली. मग शिंपीभाईने पान उलटलं.

"खत लिहिणाऱ्या बाईने खाली लिहिलंय की तुझे गुडघे दुखतात..."

मी जमिनीकडे बघू लागले.

"...आणि तुला यायचंय, पण तू विचारणार नाहीस. त्या बाईने हे लिहायची गरज नव्हती. आम्हाला ठाऊक आहे. लहानपणी तहान लागली तरी तू पाणी मागायची नाहीस, घागरीकडे बघत बसायचीस, कुणीतरी द्यावं म्हणून. चाळीस वर्षं तू घागरीकडे बघत बसलीस. तर ऐक, आम्ही बोलावतो. माझ्या घरात तुझी खाट घातलीय. ये."

मशीनशेजारच्या बाकावर खाला तशीच बसून राहिली. ओढणीचं टोक तोंडावर धरलं. शिंपीभाई उगीच सुईत दोरा ओवू लागला. मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळेल, आणि मग मी काय करू.

ती वळली नाही. म्हणाली, "भाई, शेवटचं पुन्हा वाच." त्याने वाचलं. "पुन्हा." त्याने पुन्हा वाचलं.

अंगणात येऊन तिने अबाया उतरवली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "कागद आण."

मी आणला. पेन उघडलं.

"सांगा, खाला."

"काय सांगू? मागच्या वेळी मला विचारलं होतंस का? तुझं तूच लिही."

मी लिहिलं. ती हाताकडे बघत होती, डावीकडून उजवीकडे. मी थांबले.

"झालं?"

"झालं."

"काय लिहिलंस?"

"येते, असं लिहिलंय. ईद झाली की निघते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने ते ऐकून घेतलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली, अंगणातून एक फेरी मारली, दोनदा डोळे पुसले, आणि परत येऊन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खाली लिही. मला न्यायला गाढव पाठवू नका. उंट पाठवा. चाळीस वर्षांनी मी गाढवावर बसून गावात शिरणार नाही."

हे मात्र मी जसंच्या तसं लिहिलं.